फाट्यावरचं वेल्डिंगचं दुकान: सायकल कोळपं, सरी यंत्र आणि रिपेरिंग, वापरून बघून लिहिलेलं

दुकानाला बोर्ड नाही. लातूर जिल्ह्यात एका फाट्यावर, चहाच्या टपरीमागं पत्र्याचं शेड, दारात दोन-तीन मोडके रोटाव्हेटर, कल्टिव्हेटरचे फण, एक बिनचाकाची ट्रॉली आणि गवतात गेलेलं कुणाचं तरी पेरणी यंत्र, एवढीच खूण. नाव-गाव टाकत नाही कारण खाली काही गोष्टी कडक लिहिणार आहे आणि मिस्त्री माणूस म्हणून लई चांगलाय, पण असली दुकानं प्रत्येक तालुक्यात असतात, तिथं काम टाकायच्या आधी काय बघायचं हे कळलं तरी पुष्कळ. मी तिथून सायकल कोळपं (ओळींमधलं तण काढायचं, हातानं ढकलायचं अवजार) बनवून घेतलं, मिनी ट्रॅक्टरला दोन रेजरचं, म्हणजे सरी पाडणाऱ्या दोन फाळांचं, सरी यंत्र बनवून घेतलं, आणि रिपेरिंगचं तर काही ना काही चालूच असतं. मार्कच द्यायचे तर रिपेरिंगला दहापैकी नऊ, नवीन बनवण्याला सात, आणि सेफ्टीला तीन, तेही हात सैल सोडून.

आधी कोळप्याचं सांगतो कारण विचारणारे त्याचंच विचारतात. सायकलचं पुढचं चाक, चिमटा, मागं पाईपच्या दोन मुठी आणि खाली पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं, बाकी काही नाही. ही आयडिया आमच्या मिस्त्रीची नाही बरं का, जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे म्हणून शेतकरी आहेत, त्यांनी सायकलच्या भागांपासून असं अवजार बनवलं, 'कृषिराजा' नाव ठेवलं, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्याची दखल घेतली. आता राज्यभर गल्लोगल्ली त्याच धर्तीची कोळपी बनतात आणि लांबून सगळी सारखीच दिसतात, फरक कुठं पडतो तर पास कशाची आहे आणि ती कशी बसवलीय यात.

बाजारात जी दीड हजाराची मिळतात त्यात पास साध्या पट्टीची असते आणि थेट दांड्याला वेल्डिंग केलेली. साधं लोखंड मऊ, खड्यानं धार जाते, पाजवायला अख्खं कोळपं खांद्यावर घेऊन जा. आमच्या मिस्त्रीनं ट्रकच्या कमानीचा पाटा कापून पास केली आणि ती दोन बोल्टांवर बसवली, डोकी बुडवून, म्हणजे माती अडकत नाही आणि झिजली की दोन नट खोलून दुसरी लावायची. मी विचारलं मामा वेल्डिंगच का नाही मारत, तर म्हणाला "दादा, पाट्याला वेल्डिंग केलं की शिवणीच्या कडेला ते काचंसारखं होतं, पहिल्या दगडाला तिथंच तुकडा पडतो." खरंय ते, कमानीच्या पोलादात कार्बन जास्त असतो, वेल्डिंगची कड एकदम गार झाली की कडक आणि ठिसूळ होते. ज्या दुकानात कमानीचा पाटा बिनधास्त वेल्डिंग करून देतात तिथून हळूच गाडी काढा.

पाणी पाजायची, म्हणजे पोलाद तापवून बुडवून कडक करायची, पद्धत पण बघण्यासारखी. भट्टीत पास लाल करतो, मधूनमधून स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक लावून बघतो, चुंबक चिकटायचं थांबलं की पोलाद तयार झालं असं समजायचं, आणि मग साध्या पाण्यात नाही तर ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलमध्ये बुडवतो. पाण्यात टाकलं तर एकदम गार होऊन तडा जायची भीती असते. नंतर परत थोडं तापवून रंग बदलेपर्यंत थांबतो म्हणजे कडकपणा जरा उतरतो. त्याचे वडील लोहारकी करायचे, बलुतं घ्यायचे, सुगीला धान्य आणि त्याच्या बदल्यात वर्षभर गावाची औतं नीट ठेवायची. ते ज्ञान हातात आहे आणि त्याच्या जोडीला आता वेल्डिंग मशीन आहे, म्हणून हा माणूस भारी पडतो. नुसतं वेल्डिंग शिकून आलेली पोरं पुष्कळ आहेत, पण त्यांना लोखंड आणि पोलाद यातला फरक ठिणगी बघून कळत नाही, ह्याला ग्राइंडर टेकवला की कळतं.

वापरायला कसं आहे? सोयाबीन 45 सेंटीमीटरवर पेरलं म्हणजे दोन ओळीत दीड फूट, त्यात 12 इंची पास चालवली की दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच राहतात, नवख्या माणसाला तेवढं लागतंच. हात बसला की 14 इंची पण चालते. एकटा माणूस दिवसाला अर्धा-पाऊण एकर करतो, जास्त कुणी सांगत असेल तर त्याच्या पायाखाली हलकी जमीन असणार. पेरून 15-20 दिवस झाले, तण दोन-चार पानांवर आहे आणि जमीन वापशावर आहे, म्हणजे ना चिखल ना कोरडी, तेव्हा हे अवजार लई गोड चालतं. तण एकदा गुडघ्याला लागलं की विसरा. हराळी-लव्हाळ्याला तर हे वरवर खाजवल्यासारखंच आहे, त्यांच्या काश्या-गाठी खालीच राहतात. आणि आमच्या काळ्या रानात वापसा यायच्या आधी घातलं तर चाकाला चिखल असा धरतो की चिमट्यात चाक फिरतच नाही, मग काडीनं उकरत बसा. त्यावर मिस्त्रीनं नंतर एक छोटी पट्टी चिमट्याच्या आत लावून दिली, चाक फिरताना चिखल आपोआप खरवडला जातो. दहा रुपयाचं लोखंड, पण असली गोष्ट कारखान्याच्या मालात सांगून करून मिळत नाही.

दोन तक्रारी. मुठींची उंची तो सगळ्यांना एकच ठेवतो, माझ्या बायकोला ती वर येत होती आणि खांदे भरून यायचे. खरं तर मूठ कमरेच्या जरा वर, कोपराच्या खाली पाहिजे आणि घरात चालवणारी माणसं दोन-तीन असतात, म्हणून पाईपात चार भोकं पाडून वरखाली करायची सोय सांगून करून घ्या, तो करतो पण आपणहून करत नाही. दुसरं म्हणजे पासेचा कोन. फार उभी झाली की जमिनीत रुतते आणि ढकलताना बेंबीच्या देठापासून जोर लागतो, फार आडवी झाली की वरून घसरत जाते. पास बसते त्या पट्टीला एका बाजूला गोल भोक आणि दुसऱ्या बाजूला लांबट खाच ठेवली की शेतात पान्यानं कोन बदलता येतो. हे पण सांगावं लागलं. एक जुनं चाक मी दिलं होतं, बाकी सगळं त्याचं, दोन हजाराच्या आत काम झालं.

आता सरी यंत्र. सोयाबीन गादीवर घ्यायचं आणि दोन्ही बाजूला सरी पाडायची, पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरतं, कृषी विभागवाले बरेच वर्ष बीबीएफ बीबीएफ (रुंद गादी आणि सरी) म्हणून हेच सांगतायत. कंपनीचं पूर्ण पेरणी यंत्र घ्यायची ऐपत नाही म्हणून नुसता चौकोनी पाईपाचा आडवा दांडा, त्याला ट्रॅक्टरमागं अडकवायची तीन पॉइंटची जोडणी आणि दोन रेजर, असं बनवायला सांगितलं. रेजर यू बोल्टवर, म्हणजे सैल करून पाच फुटापासून सात फुटापर्यंत पाहिजे तिथं सरकवता येतात. हे डिझाइन चांगलं उतरलं. उन्हाळ्यात यू बोल्ट काढून तिथंच दुसरं काही लावता येतं, एकाच दांड्यावर वर्षभराची अवजारं.

पण पहिल्यांदा त्यानं दांड्याला 3 मिलीमीटर जाडीचा पाईप घातला. दिसायला जाडजूड दिसतो, हातानं कळत नाही. एका कडेला रेजर चिंचेच्या मुळीत अडकला आणि दांडा पिळला, तुटला नाही, पिळला. परत नेलं तर काही न बोलता 6 मिलीमीटरचा घालून दिला, मजुरी घेतली नाही, लोखंडाचा फरक तेवढा घेतला. ही गोष्ट मी चांगल्या बाजूलाच मोजतो, पण पेरणीच्या तोंडाशी चार दिवस गेले ते गेलेच. म्हणून सांगतो, ऑर्डर देताना "मजबूत बनवा मामा" असं म्हणू नका, त्याला काही अर्थ नाही, मिलीमीटर सांगा.

आणि वजनाचा हिशोब स्वतः करा, कारण ही दुकानं किलोवर पैसे लावतात. गोल सळईचं सोपं आहे, मिलीमीटरमधला व्यास गुणिले तोच व्यास भागिले 162, आला एका मीटरचा किलो. म्हणजे 25 मिलीमीटरची सळई मीटरला 3.86 किलो. पट्टीचं रुंदी गुणिले जाडी गुणिले 0.00785, म्हणजे 50 बाय 10 ची पट्टी मीटरला साधारण 3.9 किलो. 40 बाय 40 बाय 5 चा अँगल मीटरला 3 किलो, त्याची वीस फुटी लांबी अठरा किलोच्या आसपास. मोबाइलवर दोन मिनिटं लागतात आणि मिस्त्रीला पण कळतं की समोरचा हिशोबी आहे. आमचा मिस्त्री वजनात कधी गडबड करत नाही, कट केलेले तुकडे पण परत देतो, हे मुद्दाम लिहितो.

अजून एक, जोडणीच्या पिना. लहान ट्रॅक्टरला खालच्या लिंकची पिन 22 मिलीमीटरची लागते, मोठ्याला 28 ची. दुकानात जी पडलेली असते ती लावून देतात आणि मग मोठ्या लिंकमध्ये बारकी पिन खडखड करते, भोकं लांबट होतात. ट्रॅक्टर कुठला ते आधीच सांगा, सोबत नेला तर सगळ्यात बरं.

रिपेरिंग मात्र एक नंबर, इथंच या दुकानाचे खरे पैसे वसूल होतात. रोटाव्हेटरच्या साइड प्लेटला भेग गेली होती, दुसरीकडं दाखवलं तर वरून रॉड फिरवून देतो म्हणाले. असं वरवर फिरवलं की दहा तासात भेग बाजूनं पुढं सरकते. ह्यानं काय केलं, भेगेच्या टोकाला आधी ड्रिलनं एक भोक पाडलं, भेग तिथंच थांबते, मग ग्राइंडरनं भेग व्ही आकारात उघडली, आतपर्यंत वेल्डिंग भरलं, आणि वरून कोपरे गोल केलेला पत्रा मारला. कोपरे गोल कशाला तर चौकोनी कोपऱ्यावर ताण गोळा होतो आणि नवी भेग तिथूनच निघते. वेल्डिंगचा रॉड पण साधा 6013 नंबरचा नाही वापरला, 7018 चा वापरला, आणि तो बॉक्समधनं काढून हॅलोजन बल्ब लावलेल्या लोखंडी डब्यात गरम ठेवलेला होता, कारण पावसाळ्यात त्या रॉडवरचं औषध, म्हणजे वरचा लेप, ओल धरतं आणि शिवणीत बुडबुडे राहतात. फाट्यावरच्या शेडमध्ये एवढं सांभाळणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. वेल्डिंगच्या आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर सोडायला पण त्यानंच लावलं, नाहीतर अल्टरनेटर जायचा.

त्यापेक्षा जास्त आवडलं ते त्यानं नाही म्हटलेलं काम. गिअर बॉक्सचा एक कान तुटला होता, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड साध्या रॉडनं जोडलं की थंड होताना टक्‌ आवाज करून बाजूला तडकतं. तो सरळ म्हणाला हे माझ्याच्यानं होणार नाही, निकेलचा रॉड पाहिजे, आधी सगळा भाग तापवावा लागतो, नंतर राखेत हळूहळू गार करावा लागतो, शहरात अमुक गल्लीत जा. पाचशे रुपये सोडले त्यानं तिथं. बेअरिंगचं पण तसंच, कडबाकुट्टीची बेअरिंग खराब झाली तेव्हा लेथवर काहीतरी बुश कातून द्यायच्या ऐवजी त्यानं शाफ्ट 25 मिलीमीटरला कातून घेतला आणि यूसीपी 205 नंबरचे बेअरिंगचे तयार ब्लॉक बसवले. आता ते गेलं तर तालुक्याच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात अर्ध्या तासात मिळतं आणि मी स्वतः घरी बदलू शकतो. घरगुती यंत्र घेताना मी आता हेच आधी बघतो, त्यातला कुठला भाग फक्त बनवणाऱ्याकडंच मिळतो? असा एक जरी भाग असला तरी ते यंत्र ऐन हंगामात दारात उभं राहणार, मग ते कितीही हुशारीनं बनवलेलं असो.

याच दुकानात एका पोरानं जुन्या मोटरसायकलचं कोळपं बनवायला टाकलं होतं, मागचं चाक काढून दोन लोखंडी चाकं आणि मागं फणाची पट्टी. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणींनी बुलेटला जोडून 'बुलेट सांती' बनवली, त्याला अमेरिकेचं पेटंट सुद्धा मिळालं, व्हिडिओ बघून इकडं सगळ्यांना वाटतं आपण पण करावं. मिस्त्रीनं पोराला आधीच बजावलं होतं की हवेवर गार होणारं इंजिन आहे, शेतात माणसाच्या चालीनं चाललं तर हवा लागणार कुठून, पंखा बसव नाहीतर इंजिन धरेल. पोरगं ऐकलं नाही, क्लच प्लेटा आधी गेल्या आणि मग बाकीचं. ते धूड अजून शेडमागं पडलंय, त्याचं सीट काढून मिस्त्रीनं गिऱ्हाइकाला बसायला बाक केलाय.

आता कडक लिहायचं ते. सेफ्टीच्या नावानं शून्याला जवळ. पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरवरून यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेरे मारतो, त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण येतं ते दुरुस्तीला आलेल्या एकाही यंत्रावर नव्हतं आणि ह्यानं एकालाही लावून दिलं नाही. धोतराचा सोगा, उपरणं, साडीचा पदर, काय धरलं तर माणसाला हात वर करायला वेळ मिळत नाही. आणि मळणी यंत्राच्या तोंडाचं तर मला बघवत नाही. पिकाची पेंढी आत ढकलायचं जे घमेल्यासारखं तोंड असतं ते मानकाप्रमाणं 900 मिलीमीटर लांब आणि त्यातलं 450 मिलीमीटर वरून झाकलेलं पाहिजे, म्हणजे माणसाचा हात आतल्या सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मळणी यंत्रात हात जायचे म्हणून तर 1983 साली केंद्रानं धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला. आणि आमच्याकडं गिऱ्हाईक येऊन सांगतंय की मामा तोंड आखूड करा, भराभर कोंबता येईल, आणि मामा गॅस कटर लावून आखूड करतोय. मी तोंडावर बोललो तर म्हणे मी नाही केलं तर पुढच्या फाट्यावर करतील. असेल, पण तुझ्या हातानं कशाला? बिडाच्या कामाला नाही म्हणता येतं तर ह्याला पण म्हणता आलं पाहिजे. यावर आमचं जमत नाही, आणि सेफ्टीचे मार्क तिथंच गेले.

शाळेतनं येणारी पोरं वेल्डिंगचा उजेड बघत उभी असतात, त्यांना हाकलत नाही. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, आया बिचाऱ्या बटाट्याच्या चकत्या ठेवत बसतात. एक ताडपत्रीचा पडदा लावला तर काम झालं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाईपाचं वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत जाऊन ताप येतो, त्याचा पोऱ्या जस्त घासून काढायच्या आधीच रॉड लावत होता. गिऱ्हाइकानं निदान आपल्या कामापुरतं तरी बोलावं, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं.

बाकी किरकोळ. रंग प्रायमर न मारता मारतो, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात, म्हणून मी रंगच मारू नको म्हणतो आणि घरी रेड ऑक्साइड मारून घेतो. पावती नाही, जीएसटी बिल नाही, त्यामुळं महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अनुदानाच्या नादात इथं येऊ नका, तिथं टेस्ट रिपोर्ट असलेलं अवजार आणि रीतसर बिल लागतं. फोन उचलत नाही. ॲडव्हान्स निम्मा घेतो आणि वहीत बरोबर लिहून ठेवतो, त्या वहीत आजपर्यंत खोट सापडली नाही.

वेळेचं मात्र डोक्यात ठेवा. मृगाच्या आधी पंधरा-वीस दिवस दुकानासमोर ट्रॅक्टरची रांग असते आणि तुमचं काम "उद्या या" मध्ये जातं, रात्री लाइट असते तेव्हा तो काम करतो, दिवसा व्होल्टेज नसतं आणि रॉड नुसता चिकटतो. माघ-फाल्गुनात जा, हरभरा निघून रान मोकळं झालं की. नवीन बनवायचं असेल तर कागदावर साधं चित्र, मापं मिलीमीटरमध्ये, ट्रॅक्टरचं मॉडेल, ओळीतलं अंतर आणि चालवणाऱ्याच्या कमरेची उंची, एवढं लिहून न्या, तो कागद तो भिंतीच्या खिळ्याला टोचून ठेवतो आणि त्याप्रमाणंच करतो. माझं पुढचं काम टोकण यंत्राचं आहे, म्हणजे ठराविक अंतरावर एकेक बी टाकणारं, चकतीची भोकं तुरीला वेगळी आणि हरभऱ्याला वेगळी पाहिजेत, चकती नायलॉनची का लोखंडाची यावर आमची अजून चर्चा चालू आहे, कुणी वापरली असेल तर कळवा.